ढ, तुकडी आणि जूनचा पहिला पंधरवडा

शाळेत मागे पडणाऱ्या मुलाला मराठीत ‘ढ’ का म्हणतात, याची एक गमतीदार उपपत्ती सांगितली जाते. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंतच्या दोन हजारांहून अधिक वर्षांत बाकीच्या अक्षरांनी रूप पालटलं. ‘ढ’ मात्र अशोकाच्या शिलालेखात होता जवळजवळ तसाच राहिला. म्हणून जो शिकत नाही, बदलत नाही, तो ढ. उपपत्ती खरी असो की मागाहून जुळवलेली, तिच्यात एक गोष्ट राहून जाते. अक्षर आपणहून बदलत नसतं. लिहिणारे हात ते बदलतात. ‘ढ’ तसाच राहिला, कारण पिढ्यान्‌पिढ्या तो तसाच गिरवला गेला.

हा लेख अशा गिरवण्याबद्दल आहे. शिक्षकाने मुलाबद्दल मनाशी बांधलेला अंदाज त्या मुलाच्या शिकण्यावर परिणाम करतो का, आणि केला तर किती? हुशार, मध्यम, कच्ची अशी वाटणी करून शिकवलं तर मुलं पुढे जातात की मागे पडतात? दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी बरीच वर्षं शिकवलं, शेवटी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो आणि आता होटगीत राहतो. या प्रश्नांवर जगात काय शोधलं गेलं आहे ते निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली. वाचताना डोळ्यांपुढे इथलेच वर्ग येत राहिले, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र मांडतो.

या विषयातला सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेतला आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल आणि एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी तो केला आणि १९६८ साली ‘पिग्मॅलियन इन द क्लासरूम’ या पुस्तकात मांडला. दक्षिण सॅन फ्रान्सिस्कोमधल्या त्या शाळेत प्रत्येक इयत्तेच्या तीन तुकड्या होत्या : वेगवान, मध्यम आणि संथ. सगळ्या मुलांची एक बुद्धिमापन चाचणी घेतली गेली. मग शिक्षकांना काही नावं देण्यात आली आणि सांगण्यात आलं, की चाचणीनुसार ही मुलं येत्या वर्षात झपाट्याने फुलणार आहेत. प्रत्यक्षात ती नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढली होती; शाळेतल्या साधारण पाचव्या हिश्श्याच्या मुलांची. वर्षाअखेरीस पहिली-दुसरीतल्या त्या मुलांचे बुद्ध्यंक इतरांपेक्षा लक्षणीय वाढलेले दिसले. वरच्या इयत्तांत मात्र तसा फरक आढळला नाही.

हा निष्कर्ष ‘शिक्षकाने मनात आणलं तर काय वाटेल ते होतं’ अशा घोषणेसारखा जगभर फिरला, आपल्याकडच्या प्रशिक्षण वर्गांतही पोहोचला. तज्ज्ञांनी मात्र त्यावर सडकून टीका केली. चाचणी इतक्या लहान वयासाठी भरवशाची नव्हती, काही मुलांचे गुण अविश्वसनीय होते, आकडेमोडीत दोष होते. ही टीका रास्तच होती. पण त्याच पुस्तकातली एक नोंद मला मुख्य निष्कर्षाहून बोलकी वाटते. संथ तुकडीतली जी मुलं यादीत नसूनही वर्षभरात पुढे गेली, त्यांच्याबद्दल शिक्षकांचं मत चांगलं होण्याऐवजी उलट प्रतिकूल झालं. ज्याच्याकडून अपेक्षा नव्हती त्याने उत्तर दिलं, तर ते आगाऊपणात जमा होतं. ‘तुला कुणी सांगितलं रे?’ हा प्रश्न आपल्या वर्गांत कुणाला विचारला जातो आणि कुणाला नाही, हे आठवून पाहावं.

पुढे असे अनेक प्रयोग झाले. स्टीफन रॉडेनबुश यांनी १९८४ मध्ये त्यांतल्या १८ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले, तेव्हा एक सूत्र हाती आलं. शिक्षक मुलांना दोन आठवड्यांहून अधिक काळ ओळखत असतील, तर बाहेरून दिलेल्या खोट्या माहितीचा परिणाम जवळपास उरत नाही; ओळख होण्याआधी माहिती दिली, तर तो दिसतो. म्हणजे शिक्षक काही आंधळे नसतात. रोज समोर बसणारं मूल त्यांना दिसतं. ली जुसिम आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांनीही हेच दाखवलं, की शिक्षकांचे अंदाज बहुतेक वेळा बरोबर असतात आणि अपेक्षेचा स्वतंत्र परिणाम सहसा लहान असतो. शिक्षकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. त्याच अभ्यासांचा दुसरा भाग असा, की गरीब, मागे पडलेल्या आणि समाजाने आधीच हिणवलेल्या मुलांवर तो परिणाम बराच मोठा होतो.

आपल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. पहिला पंधरवडा वह्या-पुस्तकं, गणवेश, पटनोंदणी आणि पावसात जातो. याच पंधरवड्यात नवा शिक्षक जुन्या शिक्षकाला विचारतो, ‘पोरं कशी आहेत?’ आणि जुना शिक्षक दोन मिनिटांत चाळीस मुलं निकालात काढतो : हा स्कॉलर, ही बरी, तो मागचा कोपरा सोडून द्या. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही आपली म्हण. ते पाय पाहणाऱ्याने कुठे उभं राहून पाहिले, हे ती सांगत नाही.

पहिल्या दिवसांत काय घडतं, हे रे रिस्ट या अभ्यासकाने सेंट लुईस शहरातल्या एका शाळेत बसून टिपलं. १९७० साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मला पिग्मॅलियनपेक्षा मोलाचा वाटतो, कारण त्यात कुणालाही काही खोटं सांगितलेलं नव्हतं. शाळा कृष्णवर्णीय वस्तीतली, मुलं कृष्णवर्णीय आणि शिक्षिकाही. बालवर्ग सुरू झाल्यावर आठव्या दिवशी शिक्षिकेने मुलांच्या कायमच्या जागा ठरवल्या. तीन टेबलं. पहिल्या टेबलाशी नीटनेटक्या कपड्यांतली, प्रमाण इंग्रजी सफाईने बोलणारी, बऱ्या परिस्थितीतली मुलं. शेवटच्या टेबलाशी मळक्या कपड्यांतली, बुजरी, सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरांतली. तोवर एकही चाचणी झालेली नव्हती. पुढे पहिल्या टेबलाला शिकवणं जास्त, शेवटच्याला दटावणी जास्त. वर्षाअखेरीस या मुलांच्या येण्यात खरोखरच फरक पडला होता, आणि पुढच्या वर्गातल्या शिक्षिकेने त्या फरकावरूनच गट पाडले. आता तिच्या हाती पुरावा होता. दुसरीत पोहोचेपर्यंत गटांना नावंही मिळाली होती : वाघ, कार्डिनल पक्षी आणि विदूषक.

विदूषकांच्या गटात बसलेलं सात वर्षांचं मूल काय समजायचं ते समजतंच.

यात सहसा दुष्टपणा नसतो. जेरे ब्रॉफी आणि थॉमस गुड यांनी पहिलीच्या चार वर्गांत शिक्षक-मुलांच्या बोलण्याची बारकाईने नोंद केली. कच्च्या समजल्या गेलेल्या मुलांचं उत्तर बरोबर आलं तरी त्यांना शाबासकी कमी मिळत होती, आणि चुकलं तर बोलणी जास्त. मेरी बड रो या अभ्यासिकेने तर सेकंद मोजले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभर थांबतात, मग दुसऱ्याकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देतात. हुशार मुलांसाठी ते थोडे जास्त थांबतात, कच्च्यांसाठी कमी. ज्याला विचार करायला वेळ हवा, त्याला तो कमी मिळतो. हे थांबणं तीन सेकंदांपर्यंत वाढवलं, तर गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात, हेही त्यांनी दाखवलं. याला अनुदान लागत नाही, परिपत्रक लागत नाही.

आपल्याकडे ही वाटणी टेबलांनी सुरू झाली नाही. १९०० साली साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालेल्या भीमराव आंबेडकरांना वर्गात वेगळं, गोणपाटावर बसावं लागे. ते गोणपाट रोज घरून आणायचं आणि घरी न्यायचं. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. ती बैठक गेली, पण मुलाच्या मनात जातीची जाणीव जागी केली तर काय होतं, हे कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत तपासलं. सहावी-सातवीतल्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. कुणाची जात कोणती हे उच्चारलं नाही, तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामात फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव, गाव आणि जात वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. मुलं तीच, कोडी तशीच.

आणखी एका प्रयोगात रेमा हॅना आणि ले लिंडन यांनी खऱ्या उत्तरपत्रिकांवर वाटेल ती जात लिहून त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. खालची मानलेली जात लिहिलेल्या पत्रिकांना किंचित कमी गुण पडले. फरक लहान होता. चकित करणारी बाब अशी, की तो मुख्यतः त्याच जातींतल्या शिक्षकांच्या तपासणीत दिसला. सेंट लुईसच्या शिक्षिकेसारखंच हेही : शिक्का मारणारा हात पुष्कळदा आपल्यातलाच असतो.

आता होटगीकडे येतो. सोलापूरच्या दक्षिणेला हे जंक्शन आहे. एक रूळ वाडीकडे जातो, दुसरा विजापूरमार्गे गदगकडे. गाव महाराष्ट्रात, पण कन्नड इथे परकी नाही. अनेक घरांत चुलीपाशी कन्नड, ओट्यावर मराठी आणि सोलापूरच्या बाजारात हिंदी-मराठीची भेळ. आमच्या घरात आजी अखेरपर्यंत कन्नडच बोलली. तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत, बालभारती कन्नडमध्येही पुस्तकं छापते. तरी पुष्कळ आईबाप मुलाला मराठी शाळेत घालतात. कारण सरळ आहे : पुढचं शिक्षण आणि नोकरी सोलापूर-पुण्याकडे आहे. कारखान्यांत, वीटभट्ट्यांवर कामासाठी पलीकडून आलेल्या कुटुंबांची मुलंही याच वर्गांत येतात.

अशा मुलाला ‘मठ्ठ’ ठरवणं फार सोपं असतं. ते गप्प बसतं. बोललं तर ‘पुस्तक आला’, ‘आई आला’ म्हणतं आणि वर्ग हसतो. कन्नडमध्ये माणसं सोडली तर सगळ्या वस्तू नपुंसकलिंगी असतात. भिंत ‘ती’, दरवाजा ‘तो’ आणि घर ‘ते’ का, याचं उत्तर मराठी माणसालाही देता येत नाही. आपण ते पाळण्यात ऐकलेलं असतं, इतकंच. एका आईने मला सांगितलं होतं, ‘घरात लई बोलतंय ओ गुरुजी, शाळंतच मुकं होतंय.’ तिच्या पोराच्या प्रगतिपुस्तकात ‘आकलन कमी’ असा शेरा होता.

खरी गंमत गणितात आहे. मराठीत आपण २७ ला सत्तावीस म्हणतो : आधी सात, मग वीस. लिहिताना आधी दोन, मग सात. कन्नडमध्ये इप्पत्तेळु : इप्पत्तु म्हणजे वीस, एळु म्हणजे सात. कानावर येतं त्याच क्रमाने हात लिहितो. तेलुगूतही तसंच, आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या कितीतरी घरांत तेलुगू बोलली जाते. आता इप्पत्तेळुच्या सवयीचं मूल सत्तावीस ऐकतं आणि पाटीवर ७२ लिहितं. बाईंच्या लेखी त्याला साधी संख्यासुद्धा येत नाही. त्यातून एकोणसाठसारखे शब्द. ५९ मध्ये साठ कुठून आले? कन्नडमधला ऐवत्तोंबत्तु सरळ पन्नास-नऊ आहे.

तिसरीतल्या एका मुलीला तिच्या वर्गात अशाच चुकांवरून शेवटच्या ओळीत बसवलेलं मी पाहिलं होतं. शाळेचं नाव सांगण्याची गरज नाही. अशा पुष्कळ आहेत. वर्गभेटीत मी तिच्याशी कन्नडमध्ये बोललो आणि तिला एकावन्नपासून सत्तरपर्यंत कन्नडमध्ये मोजायला सांगितलं. तिने न अडखळता मोजलं. मग आठवड्याच्या बाजारातले हिशोब तोंडी घातले. बटाटे, मिरच्या, सुटे पैसे. वर्गशिक्षिका शेजारी उभ्या होत्या. त्यांना कन्नड येत नव्हतं, पण पोरगी किती वेगाने बोलते आहे हे कळत होतं. ‘हिला येतंय की,’ त्या म्हणाल्या. त्यांचा दोष मी मानत नाही. मराठवाड्यातून बदलून आलेल्या बाईंना हे कुणी सांगितलं होतं?

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यांचं ‘वीस सात’ असं वाचन सुचवलं गेलं, तेव्हा महाराष्ट्रात गदारोळ उठला. मराठीचा खून, संस्कृतीवर घाला, इथपर्यंत मजल गेली. विधिमंडळात विनोद झाले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की जुने शब्द काढलेले नाहीत. मुलांना संख्या उमगावी म्हणून ही जोड आहे. सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या शिक्षकाला त्या वादाचं नवल वाटलं असेल. त्याच्या वर्गातली निम्मी मुलं घरी तसंच मोजत होती. भाषेच्या अस्मितेबद्दल मला आदर आहे, पण त्या चर्चेत ७२ लिहून मार खाणारं पोर कुणालाच आठवलं नाही, याचं वाईट वाटतं.

कॅनडातल्या जिम कमिन्स यांचं काम इथे उपयोगी पडतं. स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून त्यांनी दाखवलं, की नव्या भाषेत गप्पा मारण्याइतकी सफाई साधारण दोन वर्षांत येते. त्या भाषेत पुस्तकी अभ्यास बरोबरीने करायला पाच ते सात वर्षं लागतात. फसगत मधल्या काळात होते. मूल मैदानात फाडफाड मराठी बोलतं, म्हणून शिक्षक समजतो की भाषेची अडचण संपली. तरीही धडा समजत नाही, म्हणजे बुद्धीच कमी. चारशेहून अधिक मुलांच्या मानसशास्त्रीय तपासण्यांची कागदपत्रं वाचून कमिन्स यांनी हीच गल्लत पुन्हा पुन्हा होताना दाखवली. होटगीच्या तिसरी-चौथीतली मुलं नेमकी याच मधल्या काळात असतात.

शिक्षकाच्या मनातल्या अंदाजाला शाळेची व्यवस्था जोडली, की तुकड्या तयार होतात. हायस्कूलमध्ये सातवीच्या गुणांवरून अ, ब, क, ड करण्याची रीत जुनी आहे. अ तुकडीला शाळेतले नावाजलेले शिक्षक, ड तुकडीला नवखे किंवा कंटाळलेले. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी निवडलेल्या मुलांचे जादा तास, बाकीच्यांना तेवढा वेळ कवायत किंवा मैदानाची सफाई. मी स्वतः क तुकडीत होतो. आमच्या बीजगणिताच्या पुस्तकातली शेवटची तीन प्रकरणं ‘तुम्हाला काय करायचंय’ म्हणून सोडून दिली होती. ती परीक्षेत मात्र आली.

ही आठवण वैयक्तिक असली तरी तीत मोठं कारण दडलेलं आहे. वेगळ्या गटात बसल्याने मूल मागे पडतं याचं एक कारण मन खचणं हे आहेच. पण दुसरं, साधं कारण असं, की त्या गटाला कमी शिकवलं जातं. रिबेका बार आणि रॉबर्ट ड्रीबेन यांनी पहिलीच्या वाचनगटांचा अभ्यास केला. कोणता गट वर्षभरात किती शब्दांपर्यंत नेला गेला, यावर मुलांचं वाचन मोठ्या प्रमाणात अवलंबून होतं. जे शिकवलंच नाही ते आलं नाही.

तुकड्यांमुळे एकूण शिक्षण सुधारतं का, याची झाडाझडती रॉबर्ट स्लेव्हिन यांनी १९८७ आणि १९९० मध्ये घेतली. माध्यमिक शाळांत संपूर्ण तुकड्याच गुणांनुसार पाडल्या तर सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. म्हणजे एवढा खटाटोप करून हाती काही नाही. ज्याचा मोबदला शून्य आणि अपमान मात्र रोजचा, ती व्यवस्था का चालू ठेवायची, हे मला समजत नाही. अपमानाचं मुलं काय करतात, हे इंग्लंडमधल्या डेव्हिड हारग्रीव्ह्ज यांनी १९६७ मध्ये लिहिलं. खालच्या तुकड्यांतल्या मुलांनी स्वतःची वेगळी प्रतिष्ठा उभी केली : गृहपाठ न करणं, मास्तरांना उलट बोलणं, मारामाऱ्या. शाळेने जो मान नाकारला तो त्यांनी शाळेविरुद्ध कमावला. आमच्या परिसरातल्या ‘ड’वाल्यांची दहशत मधल्या सुट्टीत अनुभवलेल्या कुणालाही हे नवं वाटणार नाही. सिंगापूर तर या वाटणीसाठी प्रसिद्ध होतं. १९८० च्या सुमारास पक्के केलेले प्रवाह त्यांनीही अखेर २०२४ पासून माध्यमिक शाळेत नव्याने येणाऱ्या मुलांसाठी मोडीत काढले आणि विषयवार पातळ्या आणल्या.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग सगळ्यांना एकत्र बसवा आणि एकच धडा शिकवा. इतकं सोपं असतं तर बरं झालं असतं. ‘असर’च्या पाहण्या २००५ पासून सांगत आल्या आहेत, की ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या साधारण निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. एकाच बाकावर एक मूल गोष्ट वाचतं आणि शेजारचं अक्षरं जुळवतं. शिक्षक पाचवीचं पुस्तक पुढे नेतो. मागचं मूल वर्षभर नुसतं बसून असतं. त्याला कुणी ढ म्हटलं नाही, तरी त्याचं काही भलं होत नाही. शिक्क्यावर लिहिणारे विद्वान या मुलाला सहसा विसरतात.

त्याच्यासाठी काय करता येतं याचं एक उत्तर मुंबईत मिळालं. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत बालसखी उपक्रम चालवला. वस्तीतली शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना दिवसातले सुमारे दोन तास वेगळं घेऊन बसायची आणि पायाभूत वाचन-गणित शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात त्याचं मोजमाप केलं. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाच्या दुप्पट. आणि जी ‘हुशार’ मुलं मूळ वर्गात राहिली, त्यांचा वर्ग लहान होऊनही त्यांना काही फायदा झाला नाही. फरक पडला तो कच्च्या मुलांना त्यांना कळेल तिथून शिकवल्यामुळे. केनियातल्या १२१ शाळांच्या एका प्रयोगात तर सुमारे निम्म्या शाळांत पहिलीच्या पूर्ण तुकड्याच गुणांनुसार पाडून पाहिल्या, आणि तिथे वरच्या व खालच्या दोन्ही तुकड्यांतल्या मुलांना लाभ झाला.

मग हारग्रीव्ह्ज खरे की केनिया? माझ्या मते दोन्ही. बालसखीच्या गटात मूल दोन तास असतं, बाकीचा दिवस आपल्या वर्गात. गट वाचनापुरता किंवा गणितापुरता. ‘प्रथम’ने पुढे ही पद्धत पातळीनुसार शिक्षण म्हणून वाढवली, तेव्हा अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे टप्पे ठरले, मूल शब्द वाचू लागलं की गट बदलतो. स्लेव्हिन यांनाही नेमक्या अशाच वाटण्या उपयोगी आढळल्या होत्या : एका विषयापुरत्या आणि वारंवार बदलणाऱ्या. केनियातला काळ दीड वर्षाचा आणि मुलं इतकी लहान, की तुकडीची प्रतिष्ठा अजून घडायची होती. शिवाय तिथल्या खालच्या तुकडीला तिच्या पातळीचा धडा मिळाला. आमच्या क तुकडीला अ तुकडीचाच धडा मिळत होता, फक्त अर्धा.

या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. इतर राज्यांत शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण देऊन सोडलं, तिथे फरक पडला नाही. हरियाणात वेळापत्रकात त्यासाठी वेगळा तास राखला, तिथे पडला. तासाची सोय न करता आदेश काढला, तर शिक्षक गटांची यादी लिहितो आणि जुनाच धडा शिकवतो. तेव्हा गटांचा उपयोग नाव ठेवण्यापुरता उरतो.

महाराष्ट्रात २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाला. प्रत्येक मूल शिकलंच पाहिजे, ही त्यामागची धारणा मला मनापासून पटली होती. पायाभूत चाचण्यांमुळे वर्गात कुणाला काय येत नाही हे पहिल्यांदाच कागदावर आलं. पण कागदावर आल्याबरोबर ‘प्रगत’च्या जोडीला ‘अप्रगत’ हा शब्द जन्मला आणि महिन्याभरात बैठकांतून वर्गात उतरला. ‘तुमच्याकडे अप्रगत किती?’ ही विचारणा मीही वरून ऐकली आहे आणि मुलांच्या तोंडूनही, ‘आम्ही अप्रगतचे.’ चाचणी सांगत होती : या मुलाला हातच्याची वजाबाकी येत नाही. शब्द सांगत होता : हे मूल असं आहे. वजाबाकी आठ दिवसांत शिकवता येते.

केंद्रप्रमुख असताना एक पद्धत मला काही शाळांत चांगली चाललेली दिसली. जूनचा पहिला पंधरवडा कुठलीही यादी करायची नाही. मुलाला त्याच्या घरच्या भाषेत बोलतं करायचं. स्वतःला येत नसेल तर वर्गातलंच दुसरं पोर दुभाषी. संख्या आधी कन्नडमध्ये वदवून घ्यायच्या, मग ‘वीस सात’, मग सत्तावीस. गट वाचनाचे वेगळे, गणिताचे वेगळे, म्हणजे एकच मूल सगळीकडे शेवटच्या गटात राहत नाही. यादी फळ्याच्या कोपऱ्यात खडूने, दर शनिवारी पुसून नवी. आणि वाचनाच्या शेवटच्या गटापाशी शाळेतला सर्वांत जाणता शिक्षक. शेवटची अट पाळणं सर्वांत अवघड जातं, कारण जाणते शिक्षक शिष्यवृत्तीच्या वर्गाला हवे असतात; शाळेचं नाव वर्तमानपत्रात येतं ते त्यामुळे.

शेवटच्या ओळीतल्या त्या मुलीच्या वर्गात हे दीड वर्ष चाललं. ती सातवीपर्यंत त्याच शाळेत होती. गणितात पुढच्या गटात, मराठीच्या लेखनात अजून मागच्या. लिंगाच्या चुका राहिल्याच, पण आता तिच्या हसण्यावारी नेण्यात त्रास देणं उरलं नव्हतं. आठवीला ती परिसरातल्या हायस्कूलला गेली. तिथे तुकड्या सातवीच्या एकूण गुणांवरून पडतात, मराठी आणि गणित एकत्र धरून. यादी जूनमध्ये कार्यालयाबाहेरच्या फलकावर लागते, टंकलिखित, सहीशिक्क्यानिशी. तिचं नाव क मध्ये होतं. तिच्या वडिलांनी मला विचारलं, ‘मधी बदलतेत काय ओ?’ मी चौकशी केली. वर्ष संपेपर्यंत बदलत नाहीत.